जमशेद

कुरखेड्यासारख्या सती नदीकाठच्या तालुक्याच्या गावी मौजा, दप्तर, जमाबंदी, तहसील हे फारसी अमदानीतले शब्द इतके रुळले आहेत की, कचेरीच्या ओसरीवर बसलेल्या गोंड किंवा कंवर शेतकऱ्यालाही ते परके वाटत नाहीत. परंतु त्याच भाषेतून आलेले एखादे विशेषनाम जुन्या चांदा जिल्ह्याच्या इतिहासात शोधू लागलो, म्हणजे माझ्यापुढे प्रथम उभे राहते ते जमशेद हे नाव.

या नावाचे अवेस्ता या पारशी धर्मग्रंथातील मूळ रूप ‘यिम क्षएत’, म्हणजे तेजस्वी यिम. त्याचा पिता विवंघ्वंत. वेदांतला विवस्वानाचा पुत्र यम तो हाच. मात्र आपण त्याला मृतांचा अधिपती केले आणि इराणी लोकांनी त्याला सुवर्णयुगाचा राजा मानले. घोर हिवाळ्यात सृष्टी नष्ट होऊ नये म्हणून त्याने माणसे, पशू आणि वनस्पतींची बीजे एका आश्रयस्थानात जतन केली, असे अवेस्तातील वेंदिदाद सांगतो. फिर्दौसीच्या शाहनाम्यात तर त्याने लोखंड मऊ करून चिलखते घडविली, वस्त्रे विणण्यास शिकविले, वैद्यक आणि नौकानयन प्रचारात आणले आणि नवरोजचा सण प्रवर्तित केला. पारशी बांधव आजही २१ मार्चला जमशेदी नवरोज पाळतात. पुढे हे सारे वैभव केवळ आपल्यामुळेच आहे, असा गर्व त्याने भरदरबारी बोलून दाखविला. तत्क्षणी राजतेज त्याला सोडून गेले, प्रजा विन्मुख झाली आणि गादी बळकावणाऱ्या झोहाकाने त्याला करवतीने चिरविले.

असल्या शोकान्त राजाचे नाव आईबापांनी पुत्रास का ठेवावे? मला वाटते, त्याच्या अधःपातापेक्षा त्याने शिकविलेल्या विद्या लोकस्मृतीने अधिक मोलाच्या मानल्या.

त्या विद्यांपैकी पहिल्या विद्येचा आमच्या जिल्ह्याशी आलेला संबंध विलक्षण आहे. १८८२ साली जर्मन भूगर्भतज्ज्ञ फॉन श्वार्त्स यांचा चांदा जिल्ह्यातील लोहखनिजावरील अहवाल, नागपुरात एम्प्रेस मिल चालविणाऱ्या जमशेटजी टाटांच्या वाचनात आला. लोहाऱ्याचे खनिज उत्तम, परंतु वरोऱ्याचा कोळसा भट्टीस अयोग्य आणि सरकारी परवान्याच्या अटी जाचक, म्हणून तो बेत त्यांना बासनात बांधून ठेवावा लागला. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांचे पुत्र दोराबजी याच जिल्ह्यात लोखंडाच्या शोधार्थ हिंडले. कारखाना मात्र अखेर दूर पूर्वेस साकचीला उभा राहिला. जमशेटजी १९०४ सालीच निवर्तले होते. १९१९ साली साकचीचे जमशेदपूर झाले.

चांद्याचे लोखंड तेव्हा डोंगरातच राहिले. आता जुन्या चांद्यातूनच वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्यात सुरजागडच्या पहाडावरून खनिजाने भरलेले ट्रक खाली उतरतात. लोखंड वितळविण्याची विद्या जमशेदला बाधली नाही, आम्हांसही बाधणार नाही. बाधते ती त्याची अखेरची उक्ती. ज्या वनांतून ही संपत्ती निघते, तेथील ग्रामसभांचा हक्क आणि वाटा ज्या दप्तरी नोंदला जात नाही, ते दप्तर कितीही नीटनेटके असले, तरी त्या गर्वोक्तीचीच नक्कल होय.