प्रयोगशाळा हवीच



अकरावीत कोणता विषय घ्यावा हे विचारायला पालक येतात, तेव्हा बहुतेकांच्या तोंडी एकच शब्द असतो, कॉम्प्युटर. मुलांनी कॉम्प्युटर जरूर शिकावा. पण भौतिक व रसायनशास्त्राचे प्रयोग म्हणजे वेळेचा अपव्यय, हे मत आम्हाला मान्य नाही. त्यासाठी एका पदार्थाचे उदाहरण देतो.

रंगाच्या दुकानातला काळा पॉलिश पेपर सर्वांनी पाहिला आहे. त्यावरचे खरखरीत कण बहुधा सिलिकॉन कार्बाइडचे असतात. वाळू आणि कोक विजेच्या भट्टीत तापवून ते बनवण्याची रीत अमेरिकेत अ‍ॅचेसन यांनी १८९० च्या दशकात काढली. पुढे कितीतरी वर्षे हा पदार्थ मुख्यतः घासण्याच्याच कामी आला. आज त्याच्याच शुद्ध स्फटिकापासून उच्च दाबाची वीज आवरणारे अर्धवाहक बनतात.

शेतातला सौर पंप पाहा. पॅनेल डीसी वीज देते, मोटार पुष्कळदा एसीवर चालते. मधला कंट्रोलर सेकंदाला हजारो वेळा वीज चालू-बंद करून ती बदलतो. दर वेळी थोडी वीज उष्णता होऊन वाया जाते. पांढुर्ण्याहून जाणाऱ्या रेल्वेची तार २५ हजार व्होल्टची. तिच्या इंजिनातही हेच काम मोठ्या प्रमाणावर चालते. चंद्रपूरहून पडघ्याला १९९९ पासून सुमारे ७५० किलोमीटर डीसी वीज जाते. तेथे दाब ५ लाख व्होल्ट, म्हणून सिलिकॉनचे पुष्कळ थायरिस्टर एकामागे एक जोडावे लागतात.

सिलिकॉन कार्बाइड सिलिकॉनच्या सुमारे दहापट विद्युत क्षेत्र सहन करते. त्यामुळे तेवढ्याच दाबाला दहावा हिस्सा जाडीचा थर पुरतो, रोध घटतो आणि उष्णता कमी होते. कोणत्या पदार्थाने किती फायदा होईल, हे गणित भारतात जन्मलेले डॉ. जयंत बालिगा यांनी १९८० च्या दशकात मांडले. २०२४ साली त्यांना फिनलंडचा मिलेनियम तंत्रज्ञान पुरस्कार मिळाला. बाजारात ३,३०० व्होल्टची उपकरणे आली आहेत, प्रयोगशाळांत १० हजारांच्या पुढची बनली आहेत. अडचण स्फटिकाची आहे. सिलिकॉनसारखा तो वितळवून ओढता येत नाही. २,००० अंशांहून अधिक उष्णतेत वाफेतून अतिशय सावकाश वाढवावा लागतो. त्यात सूक्ष्म दोष राहिला तरी उपकरण निकामी होऊ शकते.

ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने भुवनेश्वरला अशा कारखान्यास मंजुरी दिली. तेथे भट्टी सांभाळणारे आणि स्फटिकातला दोष ओळखणारे लोक लागतील. ते आपल्या सौंसर-पांढुर्ण्याचे का नसावेत? भाषेची भीती नको. आम्ही हिंदी माध्यमातून शिकलो. हिंदीत अर्धचालक, मराठीत अर्धवाहक. डायोड दोन्हीकडे एकाच दिशेने वीज सोडतो.

म्हणून विश्वस्तांना विनंती की, कॉम्प्युटरसाठी दुसरी खोली पाहावी, प्रयोगशाळेची घेऊ नये. मल्टीमीटर आणि डायोड यांना फार खर्च येत नाही. मोटार वाइंडिंगचे काम करणाऱ्या पालकांनी एखादा शनिवार मुलांसाठी द्यावा. आणि विद्यार्थ्यांनो, मोबाइलचा चार्जर गरम का होतो, हे वर्गात अवश्य विचारा. उत्तर प्रयोग करूनच शोधू.