हैतीचे ऋण आणि मॉरिशसचे मराठी बांधव

दिवाळीच्या सुमारास म्हसवडच्या रस्त्याने ऊसतोड कामगारांच्या टोळ्या कृष्णाकाठच्या कारखान्यांकडे जाऊ लागतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, पोरेबाळे, एखादी शेळी आणि कोयते. आणि या सर्वांच्या आधी घरात आलेली व बहुधा खर्चही झालेली मुकादमाची उचल. ती फिटेपर्यंत माणूस मोकळा नाही, हे माण, खटाव, आटपाडीच्या दुष्काळी पट्ट्यात कोणास समजावून सांगावे लागत नाही. म्हणूनच हजारो मैल दूर असलेल्या हैती या छोट्या कॅथोलिक देशाविषयी लिहिताना आमच्या वाचकांस तो विषय अगदीच परका वाटणार नाही, असा आम्हांस विश्वास आहे.

१७ एप्रिल २०२५ रोजी फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष इमॅन्युएल मॅक्राँ यांनी फ्रेंच व हैतीयन इतिहासकारांचा एक संयुक्त आयोग नेमण्याची घोषणा केली. दोन देशांच्या सामाईक भूतकाळाचा अभ्यास करून त्याने शिफारशी कराव्यात, अशी योजना आहे. ही तारीख सहज निवडलेली नव्हती. बरोबर दोनशे वर्षांपूर्वी, १७ एप्रिल १८२५ रोजी, फ्रान्सचा राजा दहावा चार्ल्स याने हैतीच्या स्वातंत्र्यास मान्यता देणारे फर्मान काढले होते आणि त्या मान्यतेची किंमत पंधरा कोटी फ्रँक ठरविली होती. फर्मानापाठोपाठ युद्धनौका हैतीच्या किनाऱ्यावर आल्या. नकार दिला तर काय होईल, हे निराळे सांगण्याची गरज उरली नाही.

ही भरपाई कोणाची होती, हे नीट ध्यानात घेतले पाहिजे. अठराव्या शतकात सेंट-डोमिंग नावाने ओळखली जाणारी ही वसाहत साखर व कॉफीच्या बळावर फ्रान्सची सर्वांत श्रीमंत वसाहत बनली होती. तेथे १७८९ च्या सुमारास जवळजवळ पाच लाख आफ्रिकी गुलाम राबत होते. १७९१ च्या ऑगस्ट महिन्यात ते उठले. त्यांचा नेता तुसाँ लुव्हर्त्यूर हा स्वतः पूर्वीचा गुलाम व श्रद्धावंत कॅथोलिक. १८०३ साली फ्रान्समधील एका थंडगार किल्ल्यात तो कैदेतच मरण पावला. नेपोलियनने गुलामगिरी पुन्हा लादण्यासाठी पाठविलेल्या सैन्याचा पराभव करून १ जानेवारी १८०४ रोजी हैती स्वतंत्र झाला. त्याच वर्षी देसालीनच्या आज्ञेने तेथे उरलेल्या बहुतेक फ्रेंच रहिवाशांची कत्तल झाली. तो रक्तरंजित अध्याय झाकून ठेवण्याचे आम्हांस कारण दिसत नाही. परंतु १८२५ ची रक्कम त्या मृतांच्या नातलगांचे अश्रू पुसण्यासाठी नव्हती. ती मळेवाल्यांच्या गेलेल्या मालमत्तेसाठी होती आणि त्या मालमत्तेच्या हिशेबात माणसेही धरलेली होती. जो गुलाम स्वतःच्या रक्ताने मुक्त झाला, त्यानेच आपल्या मालकाला आपली किंमत मोजावी, असा तो व्यवहार होता.

हैतीच्या तिजोरीत एवढा पैसा नव्हता. पहिला तीन कोटींचा हप्ता भरण्यासाठी पॅरिसच्याच सावकारांकडून कर्ज काढावे लागले. त्यांनी साठ लाख आपल्या दलालीपोटी आधीच कापून घेतले आणि हैतीच्या हाती दोन कोटी चाळीस लाख ठेवले. व्याज मात्र पूर्ण तीन कोटींवर. आपल्याकडे १८७५ साली पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या व खते जाळली, ती अशाच हिशेबांना विटून. त्या दंग्यांनंतर १८७९ साली आलेल्या कायद्याने साताऱ्यासह चार जिल्ह्यांतील न्यायाधीशांना खताच्या मागचा खरा व्यवहार उकरून पाहण्याचा अधिकार मिळाला. हैतीचे खत उकरून पाहणारे न्यायालय मात्र जगात कोठेच नव्हते. १८३८ साली एकूण रक्कम नऊ कोटींवर आणली गेली, तरी या देण्यातून उद्भवलेल्या कर्जांची शेवटची फेड १९४७ साल उजाडेपर्यंत चालू राहिली. म्हणजे आपण स्वतंत्र होत होतो, तेव्हा हैती आपल्या स्वातंत्र्याचा शेवटचा हप्ता भरून नुकता मोकळा होत होता.

आणि तरीही या दोन जनतांमधील नाते केवळ द्वेषाचे राहिले नाही, ही या इतिहासातील विलक्षण गोष्ट होय. हैतीची क्रेऑल भाषा फ्रेंच शब्दांवरच वाढली. शाळा व न्यायालये दीर्घकाळ फ्रेंचमध्ये चालली. क्रेऑल ही सर्वांची बोली असूनही तिला फ्रेंचच्या बरोबरीने राजभाषेचे स्थान १९८७ च्या संविधानाने मिळाले. १८६० साली रोमशी करार झाल्यावर फ्रान्समधून, विशेषतः ब्रिटनी प्रांतातून, धर्मगुरू, बंधू व भगिनी तेथे गेल्या आणि अनेकांनी तेथेच देह ठेवला. त्यांनी शाळा उभारल्या, हे खरे. त्याचबरोबर १९४१-४२ मध्ये गरिबांच्या वुडू श्रद्धेविरुद्ध जी मोहीम झाली, तिची लाज आज तेथील ख्रिस्तसभेलाही वाटते. १९८३ च्या मार्च महिन्यात पोप दुसरे जॉन पॉल यांनी पोर्ट-ओ-प्रिन्स येथे हुकूमशहाच्या समक्ष, येथे काहीतरी बदललेच पाहिजे, असे निक्षून सांगितले. तीन वर्षांनी ज्याँ-क्लोद दुव्हालिये पळाला तो फ्रान्समध्येच आश्रयाला गेला. नाते असे अनेक पदरी आहे.

आता आपल्या मराठी माणसांकडे वळू. हैतीसारखेच आणखी एक साखरेचे बेट फ्रान्सने हिंदी महासागरात वसविले होते, ते म्हणजे मॉरिशस. १८१० साली ते इंग्रजांनी जिंकले. पण मळे, कायदा व भाषा फ्रेंचच राहिली. १ फेब्रुवारी १८३५ रोजी तेथील गुलामगिरी कायद्याने संपली. येथेही भरपाई मालकांनाच मिळाली, वीस लाख पौंडांहून अधिक. गुलामांच्या हाती रिकामी ओंजळ आणि वर काही वर्षांची सक्तीची उमेदवारी. त्यांनी मळ्यांकडे पाठ फिरवली, तेव्हा त्यांच्या जागी करारबद्ध मजूर आणले गेले. बहुसंख्य बिहारी व तमिळ. परंतु मुंबई बंदरातून कोकणपट्टीची व सह्याद्रीच्या आसपासची मराठी माणसेही गेली. त्यांचे वंशज आजही तेथे गणेशचतुर्थी साजरी करतात, कोकणातील जाखडीशी नाते सांगणारी झाकरी नाचतात, शाळेत मराठी शिकतात. घरात व बाजारात मात्र फ्रेंचवर पोसलेली क्रेऑलच बोलतात. आपल्याच रक्तामांसाची ही माणसे हैतीच्या माणसाची दूरची भाषाबंधू झाली, हे आम्हांस इतिहासाच्या पुस्तकांत कोणी शिकविले नव्हते.

याच बेटावर १८४१ साली फादर जाक-देझिरे लावाल हे फ्रेंच धर्मगुरू उतरले. ते मूळचे वैद्य. गोऱ्या मळेवाल्यांच्या मेजवान्या टाळून ते नुकत्याच मुक्त झालेल्या काळ्या माणसांत राहिले, त्यांची क्रेऑल शिकले आणि त्याच भाषेत त्यांना शुभवर्तमान सांगू लागले. ९ सप्टेंबर १८६४ रोजी ते निवर्तले. १९७९ साली पोपमहोदयांनी त्यांना धन्य घोषित केले. त्यांच्या कबरीकडे दर सप्टेंबरात रात्रभर पायी चालत जाणाऱ्यांत हिंदू व मुसलमानही असतात. फ्रेंच माणूस व गुलामाचा पुत्र यांचे नाते कसे असू शकले असते, याचा हा एक दाखला.

मॉरिशसने आणखी एक काम हैती-फ्रान्सच्या आधी केले. २००९ ते २०११ या काळात तेथील सत्य व न्याय आयोगाने गुलामगिरी व करारबद्ध मजुरी या दोहोंचे परिणाम एकत्र तपासले; कोणाची जमीन कोणी कशी बळकावली, हेही पाहिले. त्याच्या पुष्कळ शिफारशी कागदावरच राहिल्या, ही तक्रार रास्त आहे. परंतु गुलामांचे व मजुरांचे वंशज एका चौकशीत शेजारी बसले, हे थोडे नव्हे.

फ्रान्सच्या आयोगाविषयी आमची शंका नेमकी येथे आहे. २००३ साली हैतीचे अध्यक्ष आरिस्तीद यांनी परतफेडीची मागणी केली, तेव्हा पॅरिसने ती उडवून लावली. २०१५ साली अध्यक्ष ओलाँद यांनी ‘ऋण’ हा शब्द उच्चारला. त्यांच्या सहायकांनी लगेच खुलासा केला की ते नैतिक ऋण होय, पैशाचे नव्हे. आजच्या फ्रेंच करदात्याने दोन शतकांपूर्वीच्या राजाचे पाप का फेडावे, असे विचारले जाते. प्रश्न प्रामाणिक आहे. पण हैतीच्या शेतकऱ्याच्या पणतवंडांनीही न काढलेले कर्ज फेडलेच ना? दुसरा आक्षेप असा की आज टोळ्यांच्या ताब्यात गेलेल्या पोर्ट-ओ-प्रिन्समध्ये पैसा पाठवून तो पोहोचणार कोणाकडे? हा आक्षेप आम्ही अधिक गंभीर मानतो. २०२१ साली राष्ट्राध्यक्षाची हत्या झाल्यापासून तेथे धड सरकार नाही. धर्मगुरू व भगिनींचीही अपहरणे झाली आहेत. परंतु पैसा कसा द्यावा ही अडचण आणि तो देणे लागतो की नाही हा प्रश्न, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. सावकाराचा वारस ऋणकोच्या घरातील भांडणाचे कारण सांगून आपली वही मिटून ठेवू शकत नाही.

योगायोग असा की २०२५ हे ख्रिस्तसभेचे जुबिली वर्ष होते. लेवीय पुस्तकाच्या २५ व्या अध्यायात पन्नासाव्या वर्षी दासास मोकळे करावे व जमीन मूळ धन्यास परत द्यावी, अशी आज्ञा आहे आणि तिच्याच आधारे पोप फ्रान्सिस यांनी श्रीमंत राष्ट्रांना गरीब देशांची कर्जे माफ करण्याचे आवाहन केले होते. मॅक्राँ यांच्या घोषणेनंतर चारच दिवसांनी, २१ एप्रिल रोजी, त्यांनी इहलोकीची यात्रा संपविली. हैतीच्या बाबतीत मात्र माफ करणारा कोण आणि माफी मागणारा कोण, हेच आधी ठरावयाचे आहे. आयोगाने पहिल्या बैठकीत १८२५ च्या कर्जातून कापलेल्या त्या साठ लाख फ्रँकांची पावती मागवावी. काम तेथून सुरू झाले, तर हैतीतील माणूसही ते लक्ष देऊन पाहील.