चांगलं पोलाद, बारीक क्रँक

भंडारा म्हटलं की लोकांना पितळेची भांडी आणि तांदूळ आठवतो. पण वरठीला सनफ्लॅगचा पोलादाचा कारखाना आहे, गाड्यांच्या भागांना लागणारं मिश्र पोलाद तिथे बनतं. गडेगावला अशोक लेलँड. अशा जिल्ह्यातला पोरगाही मेकॅनिकल करून बाहेर पडतो तो आपल्या सगळ्यांसारखंच एक ठरलेलं उत्तर घेऊन : पार्ट तुटतोय? भारी स्टील वापरा!

हे उत्तर किती अपुरं आहे ते १९०५-०६ सालीच कळलं होतं. रोल्स-रॉईसच्या ३० हॉर्सपॉवरच्या सहा सिलिंडरी गाडीचे क्रँकशाफ्ट तुटायचे. आता सहा सिलिंडर नीट मांडले तर बॅलन्सला उत्तम, पिस्टनचे धक्के एकमेकांना खाऊन टाकतात. पण दर स्फोटाला तो लांबलचक शाफ्ट थोडा पिळला जातो आणि उलटा सुटतो. ठराविक वेगाला ही लय स्फोटांच्या लयीशी जुळली, की झोका वाढतच जातो... आणि एक दिवस कडाड्!

मिश्रधातूंनी ताकद वाढते, ताठपणा नाही. फोर्डने १९०८ च्या मॉडेल टीमध्ये व्हॅनेडियम पोलाद वापरलं. त्याने क्रँक जास्त तग धरतो, पण पिळला जातो साध्या पोलादाइतकाच. ताठपणा येतो जाडीतून, तोही व्यासाच्या चौथ्या घाताने. व्यास २० टक्के वाढवा, ताठपणा दुप्पट! रॉईसने सिल्व्हर घोस्टमध्ये सिलिंडर तीन-तीनच्या दोन गटांत मांडले, क्रँक जाड केला, सात मेन बेअरिंग दिली. १९१० च्या सुमारास लँचेस्टरने हा झोका शोषणारा डँपर आणला.

खरी गंमत पुढेच आहे. बॅलन्ससाठी क्रँकला वजनं लावली की त्याची पिळाची लय मंदावते आणि धोका कमी वेगावर येऊन बसतो. म्हणजे एक दुरुस्त करावं तर दुसरं बिघडतं.

आपल्या सिलॅबसमध्ये मात्र बॅलन्सिंग एका पेपरात, पीळ दुसऱ्यात, पोलाद तिसऱ्यात. तिन्हीत पास झालेल्याला ही तिन्ही भांडतात हे कुणी सांगतच नाही. माझं म्हणणं, तुटलेला क्रँक टेबलावर ठेवा आणि तिथून शिकवायला घ्या. त्यासाठी भंडाऱ्याइतकी सोयीची जागा कुठली? पोलाद बनवणारे आणि ट्रकवाले एकाच जिल्ह्यात!

असो. हसू नका, आम्ही आयटीवाले तरी काय करतो? साईट झोपली की मोठा सर्व्हर :)