नदीकाठची वाट कोणाची?

पहाटेच्या अंधारात भोंगा वाजवीत वाड्यावाड्यांतून फिरणारा पोदेर आणि रविवारच्या सकाळी हेल्मेट घालून रायबंदरच्या रस्त्याने भरधाव निघालेला शहरी हौशी, हे दोघेही सायकलस्वारच. परंतु पहिल्याची सायकल आपल्या राज्यात कोणाच्या गणतीत नाही आणि दुसऱ्याची सायकल पर्यटनाच्या नकाशावर येऊ घातली आहे. 2019 साली ‘आयर्नमन 70.3’ ही स्पर्धा प्रथमच गोव्यात भरली, तेव्हा तीतील 90 किलोमीटरच्या सायकल-दौडीसाठी राजधानीतील रस्ते मोटारींना बंद करण्यात आले. स्पर्धेस आमचा विरोध नाही. तरुणांनी घाम गाळावा हे उत्तमच. पण ज्या शासनाला एका सकाळीपुरता अख्खा रस्ता सायकलीस मोकळा करून देता येतो, त्याच शासनाला वर्षाच्या उरलेल्या दिवसांत रस्त्याच्या कडेची दोन हातांची पट्टी राखता येऊ नये, हे कोडे आम्हांला उलगडलेले नाही.

सायकलीसाठी गोव्यात नवे मार्ग शोधीत हिंडण्याचे कारण नाही. ते पाण्याच्या कडेने कधीचेच पडून आहेत. पणजीहून पाटो ओलांडून रायबंदरचा जुना बांध धरावा. कोंदे द लिन्यारिस या व्हाइसरॉयच्या कारकिर्दीत 1633-34 च्या सुमारास बांधलेला हा सुमारे तीन किलोमीटरांचा सेतुमार्ग आजही वाहतुकीचा भार वाहतो आहे. एका बाजूस मांडवी, दुसऱ्या बाजूस मिठागरे. रायबंदरच्या धक्क्यावर फेरीत चढून चोडणला उतरावे. तेथील खारफुटीतले डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्य जेमतेम पावणेदोन चौरस किलोमीटरांचे, पण त्याचे मोल मोठे. चोडणहून मयेमार्गे नार्व्यास यावे. मूळ दिवाडी बेटावरील सप्तकोटेश्वराचे देवालय पोर्तुगिजांनी उद्ध्वस्त केल्यावर देव याच पैलतीरी आला आणि 1668 साली शिवाजी महाराजांनी येथील मंदिराचा जीर्णोद्धार केला. तेथून दुसरी फेरी दिवाडीस नेते, दिवाडीहून तिसरी जुन्या गोव्यास. एका सकाळीत पुरी होणाऱ्या या फेऱ्यात गोव्याचा जेवढा इतिहास आणि जेवढा निसर्ग सामावला आहे, तेवढा किनाऱ्यावरच्या हॉटेलांच्या रांगेत आठ दिवस राहूनही दिसावयाचा नाही.

या वाटेच्या दोहों अंगांस जी भातशेती दिसते, ती खाजन जमीन होय. खाऱ्या पाण्याला बांध घालून, मानशींच्या दारांनी भरती-ओहोटी आवरून आपल्या पूर्वजांनी सुमारे 18,000 हेक्टर जमीन या राज्यात लागवडीखाली आणली. तिचे बांध माती, चिरे आणि गवत यांचे. बाहेरच्या अंगाला खारफुटीची कड. त्यांवर चालण्यासारखी आणि सायकल हाकण्यासारखी वाट शतकानुशतके आहे. गावकरीची व्यवस्था होती तोवर बांधांची निगा गावाच्या शिस्तीने होई. आता कूळ संघ, कोमुनिदाद आणि सरकारी खाते यांच्यामध्ये जबाबदारीचा चेंडू टोलवला जातो आणि तेवढ्यात बांधाला भगदाड पडते. एकदा खारे पाणी आत शिरले की त्या शेताची पिके वर्षानुवर्षे हातची जातात. म्हणून आम्ही आरंभीच बजावून ठेवतो की बांध हा प्रथम शेताचा रखवालदार आहे, वाट नंतर. सायकलमार्गाच्या नावाखाली त्यावर काँक्रीट ओतून, दिवे लावून, कठडे उभारून ठेकेदाराची सोय कोणी पाहू लागला, तर तो सायकलीवर उपकार होणार नाही. शेतीवर अपकार मात्र होईल.

पण आज तरी या वाटांवरचे संकट सायकलीचे नाही, मोटारीच्या वेगाचे आहे. पंधरा लाखांच्या आसपास लोकवस्तीच्या या राज्यात 2022, 2023 आणि 2024 या तिन्ही वर्षी रस्त्यांवर अडीचशेहून अधिक माणसे प्राणास मुकली. वेग दुप्पट झाला की आघाताची शक्ती चौपट होते, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असलेले गणित. तरीही आमच्याकडे रस्त्यावरच्या प्रत्येक दुखण्याला रुंदीकरण हे एकच औषध दिले जाते. रस्ता रुंद झाला की मोटार अधिक धावते आणि कडेने जाणारा पोदेर, मासळीवाला, शाळकरी मुलगा, कामावर निघालेला परप्रांतीय मजूर गटाराकडे ढकलला जातो. त्यात 2018 पासून बंद पडलेले खनिज-उत्खनन 2024 साली डिचोली तालुक्यात पुन्हा सुरू झाल्याने खनिजवाहू ट्रकांचा प्रश्न त्या भागात परत उभा राहिला आहे. मांडवीवर 2019 साली अटल सेतू झाला; त्यावर दुचाक्यांनाच मज्जाव झाला, तेथे सायकलीची काय कथा! 2016 च्या कायद्याने मांडवीचे 41, झुवारीचे 50 आणि कुंभारजुवे कालव्याचे 17 किलोमीटर राष्ट्रीय जलमार्ग म्हणून घोषित झाले. पाण्यातून जाणाऱ्या बार्जेसाठी देशाच्या संसदेने कायदा केला. काठाने जाणाऱ्या माणसासाठी पंचायतीने साधा फलकही लावलेला नाही.

युरोपातील एक उदाहरण येथे बोधप्रद ठरावे. जर्मनीतील पासाऊपासून ऑस्ट्रियाच्या व्हिएन्नापर्यंत डॅन्यूब नदीच्या काठाने तीनशेहून अधिक किलोमीटरांचा सायकलमार्ग आहे. जगभरचे प्रवासी त्यासाठी तेथे जातात, खेड्यांतल्या खानावळींत उतरतात आणि ठिकठिकाणी लहान नावांतून नदी ओलांडतात. या मार्गाचा बराचसा भाग नव्याने घडविलेला नाही. प्रवाहाविरुद्ध नावा ओढणाऱ्या घोड्यांसाठी काठाने ज्या वाटा होत्या, त्याच राखून सायकलीस खुल्या केल्या गेल्या. डॅन्यूब आणि मांडवी यांची तुलना आम्ही करीत नाही. परंतु जुनी वाट मोडून नवी बांधण्यापेक्षा जुनी राखणे हेच अधिक शहाणपणाचे आणि स्वस्तही असते, एवढे तरी तेथून शिकता येईल.

यावर आक्षेप येतील, ते आम्ही जाणतो. चार महिने पाऊस आणि चार महिने ऊन असलेल्या प्रदेशात सायकल कोण चालवणार, असे विचारले जाईल. त्याचे उत्तर असे की, ज्याला पर्याय नाही तो आजही पावसात आणि उन्हात ती चालवीतच आहे. प्रश्न तो घरी सुखरूप परततो की नाही, एवढाच आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. बेटावरच्या माणसाला मध्यरात्री आजारी आईला इस्पितळात न्यावयाचे असते, तेव्हा फेरीच्या संथ प्रवासाचे कौतुक त्याला ऐकवू नये. ते आम्हांला मान्य आहे. चोडण-दिवाडीकरांना पूल हवा की नको, याचा निवाडा त्यांनीच करावयाचा; सायकलवाल्या पाहुण्यांनी नव्हे, आणि जमिनीच्या दलालांनी तर मुळीच नव्हे. तोवर फेरी वेळेवर आणि रात्रीही मिळावी, हा त्यांचा हक्क आहे. 2025 साली रायबंदर-चोडण मार्गावर रो-रो बोटी आल्या. त्यांच्यामुळे धक्क्यावरची रांग घटावी, हीच आमची अपेक्षा.

मग शासनाने करावे काय? मोटार वाहन कायद्यात 2019 साली झालेल्या दुरुस्तीने सायकलीसारखी यंत्राविना चालणारी वाहने आणि पादचारी यांच्याविषयी नियम करण्याचा अधिकार राज्यांना मिळालेला आहे. तो वापरून नदीकाठच्या गावरस्त्यांवर मोटारींची वेगमर्यादा ताशी 30 किलोमीटरांवर आणावी आणि ती पाळली जाते की नाही हे पाहण्यास पोलीस उभा करावा. शाळेच्या आणि पोदेरच्या वेळी अवजड ट्रक त्या रस्त्यांवर येऊ नयेत. या रस्त्यांच्या रुंदीकरणाचे प्रस्ताव ग्रामसभेपुढे आल्यावाचून मंजूर होऊ नयेत. बांधांवर मोटारसायकलीही जाऊ देऊ नयेत, आणि पर्यटक सायकलस्वारांकडून शुल्क घ्यावयाचेच झाले तर त्यातला प्रत्येक पैसा त्याच बांधाच्या डागडुजीस लागावा. यांपैकी कशालाही कोट्यवधींची निविदा लागत नाही. कदाचित म्हणूनच हे अद्याप कोणाला सुचले नसावे.

नदीकाठची वाट सुरक्षित आहे की नाही, हे ठरविण्याची आमची कसोटी साधी आहे. परदेशी पाहुण्याने तिची छायाचित्रे किती काढली, हे आम्ही विचारणार नाही. पहाटे पावाची टोपली मागे बांधून निघालेला पोदेर उजाडल्यावर रिकामी टोपली घेऊन घरी पोचला काय, एवढेच विचारू. त्याला जी वाट सुखाची, ती पाहुण्यालाही सुखाचीच असेल; उलट मात्र घडेलच, याची खात्री कोणी देऊ नये.