तार कोण ओढतं, ताण कोण पेलतं

कामशेतहून नाणे मावळात शिरा, नाहीतर लोणावळ्याहून पवनेच्या बाजूला उतरा. रस्त्याच्या दोन्ही अंगांना तारा, तारा आणि तारा! २००२ साली एक्सप्रेसवे पूर्ण सुरू झाला, मुंबई जवळ आली आणि मावळातल्या जमिनींना गिऱ्हाईक मिळालं. आता जमीन घेतली की माणूस आधी झाड लावत नाही, विहीर खणत नाही. आधी कुंपण घालतो.

त्यात गैर काहीच नाही. पोटरीला आलेलं भात मोकाट गुरांनी एका दुपारी फस्त केलेलं ज्याने पाहिलंय, तो कुंपणाला नावं ठेवणार नाही. आमच्या घरातही यंदा इंद्रायणी निघाली की तारेचं काम काढायचं घाटतंय. घरच्या ग्रुपवर रोज दोन-चार कोटेशनं येऊन पडतायत आणि चर्चा एकाच मुद्द्यावर अडलीय, तार किती टाईट करून मिळेल? फोनवर या विषयाचं भांडण होतं, म्हणून माझं मत इथे सविस्तर लिहितो. बाकीच्या वाचक मंडळींनी आमच्या घरगुती भानगडीबद्दल माफी करावी. :)

माझं म्हणणं थोडक्यात असं. तार जितकी ताठ तितकं कुंपण भक्कम, हा गैरसमज आहे. कुंपण टिकतं ते टोकाच्या खांबांवर. आणि कुंपणाला टोकं किती ठेवायची, हा प्रश्न नुसता खर्चाचा नाही, शेजारधर्माचा आहे.

आधी ताणाचं बघू. एक तार नीट ओढली की तिच्यात साधारण शंभर किलोचा ताण असतो असं धरा. पाच तारांचं कुंपण म्हणजे पाचशे किलो. हे अर्धा टन ओझं मधले खांब उचलत नाहीत, ते तारेला फक्त उंचीवर धरून ठेवतात. सगळी ओढ येते ती पहिल्या आणि शेवटच्या खांबावर. कोपऱ्यावरच्या खांबाला तर दोन्ही बाजूंनी ओढ, म्हणजे तो शेताच्या आत तिरका झुकायला बघतो. म्हणून त्याला दोन्ही बाजूंनी सपोर्टचे तिरके पोल लागतात. हा सपोर्ट तार ज्या बाजूला ओढते त्याच बाजूला हवा आणि त्याचा पाय नुसत्या मातीत नको, खाली दगडाची लादी किंवा काँक्रीट हवं. कोटेशनमध्ये तारेचं वजन, गेज, पोलांची संख्या सगळं असतं. सपोर्टच्या पायाखाली काय असणार, ते मात्र कुणी लिहीत नाही.

मावळात हे जास्त महत्त्वाचं, कारण इथला पाऊस. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पडतो. पुण्याला पडतो त्याच्या पाच-सहा पट! कुंपणाची कामं होतात दिवाळी ते मे. तेव्हा जमीन दगडासारखी. खड्डा खणताना पहार ठणठण वाजते आणि आपल्याला वाटतं, खांब आता जन्मात हलणार नाही. जुलैत त्याच खाचराच्या कडेला पाय घोट्यापर्यंत रुततो. तारेची ओढ तेवढीच राहते, माती मात्र मऊ होते. खांब चार बोटं आत येतो, तार लोंबते. मग पुढच्या दिवाळीत माणूस बोलावून तार पुन्हा ओढायची आणि तोच झुकलेला खांब आणखी आत घ्यायचा. दरवर्षी दोष तारेला आणि दरवर्षी ओढ खांबाला.

उन्हाचाही हिशोब आहे. लोखंड तापलं की लांबतं. शंभर मीटर तारेला पंचवीस अंशांचा फरक पडला तर लांबीत साधारण तीन सेंटीमीटरचा फरक पडतो. मे महिन्याच्या दुपारी सतारीसारखी टणटणीत करून बांधलेली तार डिसेंबरच्या पहाटे आखडते आणि त्या खांबांना अजून ओढते. शिवाय साधी मऊ तार एका मर्यादेपलीकडे ताणली की लांबते ती लांबतेच, परत येत नाही. तेव्हा हाताने दाबल्यावर जरा दबावी आणि सोडल्यावर जागेवर यावी, एवढा ताण पुरे. काटेरी तारेपाशी गाय थांबते ती काट्यामुळे. १८७४ साली अमेरिकेत ग्लिडनने ज्या तारेचं पेटंट घेतलं, तिची सगळी करामत त्या काट्यात आणि तो काटा जागेवर धरून ठेवणाऱ्या पिळात आहे. ताण हवा तो दोन तारा फाकवून गुराला मुंडी आत घालता येऊ नये इतकाच. आणि रानडुकराचं म्हणाल, तर ते खालून घुसतं. त्याला वरच्या चार तारा कितीही ताणल्या तरी काय फरक पडतो?

आता टोकांचं. कुंपणात जिथे वाट सोडायची, तिथे तार तुटते. म्हणजे दोन नवी टोकं आली. दोन जाड खांब, त्यांचे सपोर्ट, त्यांचं काँक्रीट. कुंपणवाला दर सांगतो रनिंग फुटावर. सलग तार ओढणं त्याला सोपं, वाट सोडणं कटकटीचं. मग तो म्हणतो, "कशाला वाट ठेवताय साहेब, सलग मारून टाकू." आपल्यालाही ते स्वस्त पडतं. मावळातल्या कितीतरी पायवाटा मला वाटतं अशाच बंद झाल्या असतील. कुणाच्या मनात दुष्टावा असेलच असं नाही, वाट सोडली तर चार खांब वाढत होते, इतकंच.

पण त्या वाटेने पलीकडचा शेतकरी पिढ्यान् पिढ्या बैल नेत असतो. धनगरवाड्यावरची पोरं शाळेला उतरत असतात. "एकदा वाट दिली की ती हक्क होते," असं आपल्यातले काहीजण म्हणतात. अरे, वहिवाट जुनी असेल तर ती आपण देण्याआधीपासूनच आहे! महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ खाली बांधावरून वाट मागता येते. वहिवाटीचा रस्ता कुणी अडवला तर मामलेदार कोर्ट कायदा, १९०६ च्या कलम ५ खाली सहा महिन्यांच्या आत दावा लावून तो मोकळा करून घेता येतो. वडगावला तहसीलमध्ये तारखांना कुणी जायचं? तुम्ही जाणार आहात का मुंबईहून?

आणि समजा कुणी दावा लावलाच नाही. ज्याची वाट बंद झाली तो एका रात्री पक्कड घेऊन येईल. सलग ताणलेली तार एका जागी कापली की टोकापासून टोकापर्यंत सगळी ढिली पडते आणि सुटलेलं टोक चाबकासारखं उसळतं. ते कापणाऱ्याच्या डोळ्याला लागलं तर? आपलं भात वाचलं म्हणून त्या दिवशी आपल्याला बरं वाटेल का?

म्हणून माझी सूचना अशी. आधी सरकारी मोजणी. मग बांधापासून थोडं आत सरून आखणी. ओढ्याकडच्या वाटेवर माणूस वळून जाईल पण गुरू जाणार नाही अशी एक अरुंद फट आणि बैलांसाठी एक साधं फाटक. प्रत्येक टोकाला दुहेरी सपोर्ट, पायाखाली काँक्रीट. पैसे कमी पडले तर पाचाऐवजी चार तारा घ्या, पण टोकांवर कात्री नको. तारेच्या आतल्या बाजूला करवंद आणि निरगुडी लावू. या पावसात तार कधीतरी गंजणारच, तोवर ती जाळी दाट झालेली असेल.

कोटेशन नव्याने मागवायचं असेल तर मी बोलतो. वाढीव चार खांबांचे पैसे माझ्या वाट्यातून धरा.