बिढार कोठे होते? : मराठी युरोप-प्रवासवर्णने आणि त्यांची समीक्षा

युरोपातील शहरांविषयी मराठीत सुमारे एकशेचाळीस वर्षे लिहिले जात आहे. पंडिता रमाबाईंचे पत्ररूप 'इंग्लंडचा प्रवास' १८८३ चे आहे. तेव्हापासून आजपर्यंत या लेखनाचा ओघ खंडित झालेला नाही, आणि त्याची समीक्षाही विपुल आहे. मात्र या समीक्षेत एक साधा प्रश्न जवळजवळ कोठेच विचारलेला आढळत नाही : परक्या शहरात प्रवाश्याचे बिढार कोठे होते, आणि ते कोणाच्या बळावर होते? हा प्रश्न न विचारताच 'तेथील लोकजीवनाचे जिवंत दर्शन' हे प्रशस्तिपत्र मराठी समीक्षेने सढळ हाताने वाटले आहे. प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे की, हे प्रशस्तिपत्र बहुतेक वेळा निराधार असते. आणि ते निराधार असल्याचे ध्यानात येऊ नये अशीच या वाङ्मयप्रकाराच्या समीक्षेची आजवरची रचना आहे.

१

ही रचना कशी झाली ते पाहू. प्रवासवर्णनाचे दोन भाग करावयाचे, एक माहितीपर आणि दुसरा ललित. पहिल्याला वाटाड्याच्या पातळीवर ठेवावयाचे आणि दुसऱ्याला साहित्याच्या पंक्तीत बसवावयाचे, हा आपल्या समीक्षेचा रूढ परिपाठ. ललिततेची खूण कोणती, तर लेखकाच्या व्यक्तिमत्त्वाचा आविष्कार. गंगाधर गाडगीळांचे 'साता समुद्रापलीकडे' (१९५९) आणि पु. ल. देशपांडे यांचे 'अपूर्वाई' (१९६०) ही पुस्तके पाठोपाठच्या वर्षांत आली आणि या सिद्धान्ताला त्याची आदर्श उदाहरणे मिळाली. या दोन्ही पुस्तकांचे मोल येथे नाकारावयाचे नाही. स्थळांच्या कोरड्या याद्यांमधून मराठी प्रवासवर्णन बाहेर काढण्याचे श्रेय त्यांना द्यावेच लागेल. आक्षेप आहे तो समीक्षेने त्यांतून काढलेल्या नियमावर. व्यक्तिमत्त्व हाच निकष ठरला की शहर हे निमित्त ठरते. पॅरिस काय किंवा रोम काय, लेखकाची विनोदबुद्धी, हळवेपणा वा बहुश्रुतता फुलविण्यासाठी मांडलेला तो एक देखावा उरतो. मग त्या शहरात कोणी भाडे वसूल करते, कोणी रात्रपाळी करते, कोणी परक्याला खोली नाकारते, या गोष्टी संहितेत आल्या काय आणि न आल्या काय, समीक्षकाला सारखेच.

याच नियमामुळे 'अपूर्वाई'तील एका महत्त्वाच्या वस्तुस्थितीकडे दुर्लक्ष झाले. पु. ल. लंडनला निव्वळ हिंडावयास गेलेले नव्हते; ते बीबीसीमध्ये दूरचित्रवाणीचे तंत्र शिकण्यासाठी गेले होते. म्हणजे त्या शहरात त्यांना एक काम होते, एक जागा होती, वेळापत्रक होते. त्यांच्या निवेदनातील ऐसपैसपणाचा या वस्तुस्थितीशी काय संबंध आहे, हा विचार करण्याजोगा प्रश्न होता. तो बाजूला राहिला आणि विनोदाच्या प्रकारांची वर्गवारी मात्र पिढ्यान्‌पिढ्या चालू राहिली.

२

निकष परदेशातून आणण्याची गरज नाही. मराठी गद्याच्या प्रारंभीच तो तयार आहे. महानुभावांच्या 'स्थानपोथी'त चक्रधरस्वामींच्या संचारातील स्थळांची नोंद आहे. गाव कोणते, देऊळ कोणत्या दिशेला, बिढार कोठे होते, हे ती काटेकोरपणे सांगते. आपल्या दृष्टीने याहून महत्त्वाची आहे ती तिची परिभाषा. स्वामी क्षणभर टेकले ते 'आसन'; रात्र काढली ती 'वसती'; काही काळ मुक्काम केला ते 'अवस्थान'. स्थळाशी आलेल्या संबंधाची प्रत या तीन शब्दांनी वेगळी दाखविली जाते. आसनाला अवस्थान म्हणण्याची मुभा त्या पोथीच्या कर्त्याला नव्हती. तसे करणे त्याच्या दृष्टीने असत्य ठरले असते.

भाविकाच्या हेतूने केलेली ही विभागणी समीक्षेच्या कामी आणण्यास काहीच प्रत्यवाय नाही. भालचंद्र नेमाडे यांनी १९७५ च्या आपल्या कादंबरीला 'बिढार' हे नाव दिले तेव्हा त्या जुन्या शब्दाची धार अद्याप गेलेली नाही हे सिद्ध झालेच होते. मराठी युरोप-प्रवासवर्णनांना ही परिभाषा लावून पाहिली तर काय दिसते? दहा दिवसांत सहा शहरे पाहणाऱ्या पुस्तकांत आसने असतात, फार तर वसत्या. पण त्यांची भाषा अवस्थानाची असते. कॉफीगृहातील अर्ध्या तासावरून फ्रेंचांचा स्वभाव सांगितला जातो. आगगाडीतील एका सहप्रवाश्यावरून जर्मनांची शिस्त सिद्ध होते. आणि लगोलग 'त्यांची शिस्त व आपली बेशिस्त' हा ठरलेला परिच्छेद येतो. थोडा काळ थांबणे हा येथे दोष नव्हे. थोडा काळ थांबून घरच्या माणसासारखे बोलणे हा दोष आहे.

अवस्थान हे केवळ दिवस मोजून ठरत नाही, हेही सांगितले पाहिजे. ते अवलंबनाने ठरते. जो त्या ठिकाणच्या माणसांवर अन्नासाठी, निवाऱ्यासाठी, कामासाठी वा कागदपत्रासाठी विसंबून आहे, त्याला त्या ठिकाणचे नियम अंगावर घेऊन शिकावे लागतात. पंडिता रमाबाई इंग्लंडात वाँटेज येथे ख्रिस्ती भगिनींच्या आश्रयाने राहिल्या. धर्माच्या बाबतीत कोणाचा अधिकार मानावयाचा यावरून त्यांचा त्या भगिनींशी जो पत्ररूप झगडा झाला, त्यात एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडचे अंतरंग जेवढे उघडे पडते तेवढे ते कोणत्याही राजवाड्याच्या वर्णनात पडत नाही. आश्रिताला घराचे नियम कळतात. पाहुण्याला फक्त दिवाणखाना कळतो.

३

या निकषावर सर्वांत खरे उतरणारे लेखन आपल्या प्रवासवर्णनाच्या इतिहासांत सापडतच नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये अमेरिकेला आणि १९१६ मध्ये लंडनला गेले. १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले. दुसऱ्या खेपेस ते किंग हेन्रीज रोडवरील एका घरात भाड्याने राहत. अपुऱ्या न्याहारीवर दिवसभर ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात बसणारा हा विद्यार्थी चांगदेव खैरमोडे आणि धनंजय कीर यांच्या चरित्रग्रंथांतून मराठी वाचकाच्या परिचयाचा आहे. परंतु या तपशिलाकडे आपण चरित्र म्हणून पाहतो, त्यागाची कथा म्हणून पाहतो. एका युरोपीय शहराचा अनुभव म्हणून पाहत नाही.

बाबासाहेबांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर टिपणात परदेशवासाविषयी जे विधान आहे ते युरोप-प्रवासाच्या कोणत्याही मराठी मीमांसेच्या केंद्रस्थानी असावयास हवे होते. परदेशातील वास्तव्याने आपण अस्पृश्य आहोत ही जाणीव मनातून पुसून गेली होती, असे ते सांगतात. पुढे बडोद्याला उतरल्यावर 'जायचे कोठे' हा प्रश्न उभा राहतो, पारशी धर्मशाळेत पारशी नाव धारण करून राहावे लागते, आणि अकराव्या दिवशी काठ्या घेऊन आलेले लोक त्यांना बाहेर काढतात. बिढाराचा प्रश्न याहून उग्र स्वरूपात भारतीय प्रवासलेखनात आलेला नाही. लंडनमध्ये भाडे देऊन खोली मिळते. बडोद्यात भाडे देऊनही मिळत नाही. येथे शहरांची तुलना आहे, पण ती शिस्तबेशिस्तीची नाही. माणसाला माणूस म्हणून राहू देणारे शहर कोणते, ही ती तुलना आहे. हे टिपण इंग्रजीत आहे म्हणून ते आमच्या कक्षेबाहेर, हे उत्तर तांत्रिक आहे. ज्या समीक्षेने इंग्रजी प्रवासलेखकांचे दाखले देण्यात कधी कुचराई केली नाही, तिला ते शोभत नाही.

या घराची पुढील हकीकतही बोधप्रद आहे. महाराष्ट्र शासनाने ते २०१५ मध्ये विकत घेतले व तेथे स्मारक केले. काही शेजाऱ्यांनी गर्दी-गोंगाटाची तक्रार केली. घराचा संग्रहालय म्हणून वापर करण्यास कॅम्डनच्या स्थानिक परिषदेने हरकत घेतली. चौकशी होऊन मार्च २०२० मध्ये परवानगी मिळाली. ज्या 'स्थानिक जीवना'चा आस्वाद घेतल्याचे आमचे प्रवासी सांगतात, ते स्थानिक जीवन येथे प्रथमच उलट बोलले. एका काळी त्याच रस्त्यावर भाडेकरू असलेल्या माणसाला पाहावयास आलेले लोक तेथील रहिवाश्यांना उपद्रव वाटले. या प्रसंगात लंडन जेवढे आहे तेवढे कित्येक प्रवासवर्णनांत मिळून नाही.

अण्णा भाऊ साठे यांच्या 'माझा रशियाचा प्रवास' या पुस्तकाची गतही फारशी निराळी नाही. स्टालिनग्राडचा पवाडा त्यांनी १९४३ मध्ये रचला. ते प्रत्यक्ष रशियात गेले १९६१ मध्ये. म्हणजे जे शहर त्यांनी आधी शब्दांत उभे केले होते तेथे ते पुढे गेले. लहानपणी वाटेगावहून मुंबईपर्यंत पायी आलेल्या, चिरागनगरच्या झोपडीत राहणाऱ्या माणसाची ही यात्रा आहे. तिला सरसकट डोक्यावर घ्यावे असे मात्र म्हणावयाचे नाही. ते निमंत्रित पाहुणे होते. त्यांनी पाहिले त्यात यजमानांनी दाखविलेले पुष्कळ होते, आणि समीक्षेने ते दाखवून द्यावयास हवे. पण त्यासाठी आधी हे पुस्तक प्रवासवर्णन म्हणून गंभीरपणे वाचावे लागेल. अनंत काणेकरांच्या 'धुक्यातून लाल ताऱ्याकडे' (१९४०) या पुस्तकाशेजारी ते ठेवून पाहिले तर एकाच दिशेने गेलेल्या दोन मराठी माणसांच्या दृष्टीत वर्गाने काय फरक पडतो हे तपासता येईल. असा अभ्यास आमच्या प्रवासवर्णन-समीक्षेचा नित्याचा भाग का होऊ नये?

४

हा लेख बपेरा येथे बसून लिहिला जात आहे, आणि ही गोष्ट विषयाशी असंबद्ध नाही. बपेरा हे भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातील, मध्य प्रदेशाच्या सीमेवरील गाव. १९५६ पर्यंत भंडारा आणि पलीकडचा बालाघाट हे दोन्ही जिल्हे एकाच राज्यात होते. राज्यपुनर्रचनेने मध्ये रेघ आली. या पट्ट्यात मराठी, हिंदी आणि पोवारी अशा तिन्ही भाषा कानी पडतात. बाजारासाठी, मजुरीसाठी, सोयरिकीसाठी माणसे रेघ ओलांडतात. त्यांच्या या जाण्यायेण्याला कोणी प्रवास म्हणत नाही. युरोपात मार्च १९९५ पासून शेंगेन कराराने सीमांवरील तपासणी उठली, तेव्हा फ्रान्समधून बेल्जियममध्ये सहज गेल्याचे नवल मराठी पुस्तकांत पानेच्या पाने भरून आले. सीमेवरचे मराठी गाव जे रोज करते ते वर्ण्यविषय ठरत नाही. तेच परक्या भूमीवर केले की अनुभव ठरतो.

युरोपीय शहर हे जणू स्वयंभू आहे असे मानण्याची सवयही येथून पाहिली तर टिकत नाही. याच तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथे मँगनीजच्या खाणी आहेत. मध्य प्रांतातील मँगनीज काढण्यासाठी १८९६ मध्ये जो उद्योग सुरू झाला, त्यातून सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मँगनीज ओअर ही ब्रिटनमध्ये नोंदलेली कंपनी पुढे आली. १९६२ मध्ये तिच्या मालमत्तेतून आजची मॉइल निघाली आणि १९७७ मध्ये ती पूर्णपणे सरकारी झाली. मँगनीजवाचून पोलाद होत नाही, आणि पोलादावाचून ते पूल, त्या भुयारी गाड्या, ती भव्य स्थानके होत नाहीत, ज्यांच्यापुढे आमचा प्रवासी स्तिमित होऊन उभा राहतो. मराठी माणूस लंडन पाहावयास जाण्यापूर्वी लंडन तुमसरला येऊन खणून गेले होते. हे ज्याला ठाऊक आहे त्याला तेथील वैभव पाहताना न्यूनगंड वाटण्याचे कारण उरत नाही, आणि पोकळ अभिमानाचेही नाही. आपण आपल्याच मजुरीचा एक अंश पाहत आहोत, एवढे त्याला कळते. हे भान ज्यात आहे असे युरोपचे प्रवासवर्णन मराठीत का झाले नाही, हा प्रश्न लेखकांना विचारण्याआधी समीक्षेने स्वतःला विचारावा.

५

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, साहित्याला जमाखर्चाची वही करावयास आपण निघालो आहोत. पण भाड्याचा उल्लेख आला म्हणून पुस्तक थोर होते, असे येथे म्हटलेले नाही. निवेदकाचे स्थान ठरविल्याशिवाय कादंबरीची समीक्षा होत नाही हे आम्ही विद्यार्थ्यांना शिकवितो. तोच नियम प्रवासवर्णनाला लावा, एवढीच मागणी आहे. दुसरा आक्षेप देशीवादाच्या नावाने येईल : युरोपच हवा कशाला? परदेशी गेल्याने कोणी परका होत नाही. बाबासाहेबांना बडोद्याचा अर्थ जो उलगडला तो लंडनवासानंतर. युरोपला जाणे हा दोष नव्हे. तेथून रिकाम्या नजरेने परतणे हा दोष आहे.

आज या प्रश्नाला नवी निकड आली आहे. युरोपात जाणाऱ्या मराठी माणसांची संख्या वाढली आहे, आणि पर्यटनसंस्था 'स्थानिक जीवनाचा अनुभव' हीच वस्तू वेष्टनात घालून, बरोबर घरच्या चवीचे जेवण देऊन, विकत आहेत. शेंगेन व्हिसासाठी अर्ज करणाऱ्याला मुक्कामाचा पत्ता, बँकेतील शिलकीचा पुरावा आणि किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा दाखवावा लागतो. तू कोठे राहणार आणि कोणाच्या पैशावर, हा प्रश्न दूतावासातील कारकून प्रत्येकाला विचारतो. मराठी समीक्षेने तो आजवर विचारलेला नाही.

पदव्युत्तर अभ्यासक्रमात प्रवासवर्णन हा प्रकार नेमला जातो तेव्हा 'अपूर्वाई'बरोबर 'माझा रशियाचा प्रवास' आणि 'वेटिंग फॉर अ व्हिसा' यांचे वाचन अनिवार्य करावे. आसन, वसती आणि अवस्थान ही परिभाषा वर्गात वापरून पाहावी. ती अपुरी ठरली तर सुधारावी, पण आधी वापरावी. तोवर 'लोकजीवनाचे जिवंत दर्शन' हे शब्द परीक्षणांतून काढून टाकले तरी मराठी समीक्षेचे काही बिघडणार नाही.