‘कुठून आलात?’ या प्रश्नाचे मोल

रुग्णालयात केसपेपर काढताना किंवा तपासणीपूर्वी परिचारिका आपल्याला काही ठरावीक प्रश्न विचारते. ताप केव्हापासून आहे? गेल्या तीन आठवड्यांत गावाबाहेर जाणे झाले का? घरात अथवा शेजारी कुणी आजारी आहे का? गुडघेदुखीसाठी किंवा चक्कर येते म्हणून आलेल्या ज्येष्ठांना हे प्रश्न अस्थानी वाटतात. ‘माझ्या गुडघ्याचा आणि माझ्या प्रवासाचा काय संबंध?’ असा प्रतिप्रश्न मलाही पुष्कळदा ऐकावा लागतो. पुष्कळ जण मग ‘नाही, नाही’ असे म्हणून मोकळे होतात. सोबत आलेल्या सुनेला किंवा मुलाला खरे उत्तर ठाऊक असते, पण वडीलधाऱ्यांना मध्येच कसे टोकावे, म्हणून तेही गप्प राहतात.

वाचकहो, घातक संसर्गजन्य रोगाविरुद्ध रुग्णालयाची सारी सिद्धता या प्रश्नापासून सुरू होते. पोशाख, मुखपट्टी, स्वतंत्र खोली ही सामग्री नंतरची. उत्तर चुकले, किंवा उत्तर बरोबर असूनही योग्य माणसापर्यंत पोहोचले नाही, तर ती सामग्री कपाटातच राहते.

याचे अत्यंत बोलके उदाहरण २०१४ साली अमेरिकेतील डॅलस शहरात घडले. पश्चिम आफ्रिकेत तेव्हा इबोलाची मोठी साथ सुरू होती. लायबेरियाहून आलेला टॉमस एरिक डंकन नावाचा गृहस्थ २५ सप्टेंबरच्या रात्री ताप, पोटदुखी आणि डोकेदुखीची तक्रार घेऊन तेथील एका मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात गेला. आपण आफ्रिकेतून आलो आहोत हे त्याने परिचारिकेला सांगितले आणि तिने त्याची नोंदही केली. परंतु उपचारांचा निर्णय होताना त्या नोंदीचे महत्त्व ध्यानी घेतले गेले नाही. सायनसचा संसर्ग समजून, प्रतिजैविके देऊन त्याला घरी पाठवण्यात आले. तीन दिवसांनी, २८ सप्टेंबरला, तो रुग्णवाहिकेतून परत आला तेव्हा त्याची प्रकृती फार ढासळली होती. ३० सप्टेंबरला इबोलाचे निदान झाले आणि ८ ऑक्टोबरला त्याचा मृत्यू झाला. त्याची सुश्रूषा करणाऱ्या दोन परिचारिकांना संसर्ग झाला. सुदैवाने दोघीही बऱ्या झाल्या.

या घटनेतील एक तपशील मला सर्वांत अधिक विचार करण्याजोगा वाटतो. मधले दिवस डंकन ज्या घरात राहिला, त्या घरातील एकालाही इबोला झाला नाही. झाला तो अद्ययावत रुग्णालयातील, प्रशिक्षित परिचारिकांना. याचे कारण त्या रोगाच्या स्वभावात आहे. इबोला हवेतून सहजी पसरत नाही. तो रक्त, उलटी, जुलाब अशा शरीरद्रवांच्या संपर्कातून पसरतो आणि आजार जसजसा बळावतो, तसतसे या द्रवांतील विषाणूंचे प्रमाण वाढत जाते. म्हणजे सुश्रूषेची गरज ज्या वेळी सर्वाधिक, त्याच वेळी सुश्रूषा करणाऱ्याला धोका सर्वाधिक.

त्याच वर्षी जुलै महिन्यात नायजेरियातील लागोस शहरात याच्या उलट घडले होते. लायबेरियाहून विमानाने आलेला एक अधिकारी २० जुलैला विमानतळावरच कोसळला. त्याला एका खासगी रुग्णालयात दाखल केले, तेव्हा प्रथम हिवतापाचा संशय होता. इबोलाच्या कोणत्याही रुग्णाशी आपला संबंध आला नाही, असे तो सांगत होता. डॉ. अमेयो स्टेला अडाडेवोह यांनी त्यापूर्वी इबोलाचा एकही रुग्ण पाहिलेला नव्हता. तरीही तो माणूस कुठून आला आहे आणि हिवतापाच्या उपचारांना प्रतिसाद का देत नाही, या दोन गोष्टींची सांगड घालून त्यांनी इबोलाची चाचणी करवली. त्याला सोडून द्यावे म्हणून वरून दबाव येत होता. त्यांनी ठाम नकार दिला. तो अधिकारी २५ जुलैला दगावला. अडाडेवोह यांना स्वतःलाही संसर्ग झाला आणि १९ ऑगस्टला त्यांचे निधन झाले. त्यांच्या रुग्णालयातील आणखीही काही कर्मचारी गेले. परंतु कोट्यवधी वस्तीच्या त्या देशात एकूण वीस रुग्ण आणि आठ मृत्यू एवढ्यावर साथ थांबली. २० ऑक्टोबर २०१४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने नायजेरिया इबोलामुक्त झाल्याचे जाहीर केले.

डॅलसमध्ये रुग्णाने खरे सांगितले आणि ते वाया गेले. लागोसमध्ये रुग्णाकडून खरे कळले नाही, तरी डॉक्टरांनी ते हुडकले. पण प्रत्येक रुग्णालयात, प्रत्येक पाळीला अडाडेवोह असतील, या भरवशावर व्यवस्था चालवता येत नाही. म्हणूनच डॅलसच्या घटनेच्या सुमारास अमेरिकेतील रुग्णालयांना तीन शब्दांचे सूत्र शिकवले गेले : ओळखा, वेगळे करा, कळवा. संशय आला की त्या रुग्णाला गर्दीत बसवून ठेवायचे नाही, स्वतंत्र खोलीत न्यायचे आणि आरोग्य यंत्रणेला तत्काळ कळवायचे. निदान पक्के होण्याची वाट पाहायची नाही, हे त्यातले मर्म.

आपल्या देशाकडे वळू या. केरळमधील कोझिकोड आणि मलप्पुरम जिल्ह्यांत मे २०१८ मध्ये निपाहची साथ आली. फळे खाणाऱ्या वटवाघळांत राहणारा हा विषाणू माणसाच्या मेंदूला व फुप्फुसांना ग्रासतो. बाधितांपैकी निम्मे किंवा त्याहूनही अधिक दगावू शकतात. त्यावर मान्यताप्राप्त लस अद्याप नाही. एकाच कुटुंबातील दुसरा तरुण तशाच लक्षणांनी दाखल झाला, तेव्हा तेथील डॉक्टरांना शंका आली. नमुने मणिपाल येथील प्रयोगशाळेत गेले आणि पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, आपण जिला एनआयव्ही म्हणून ओळखतो तिने, निदानावर शिक्कामोर्तब केले. शंका दुसऱ्या रुग्णाच्या वेळी आली, म्हणून साथ लवकर उमगली. परंतु तोवर पहिल्या रुग्णाकडून रुग्णालयांतच अनेकांना संसर्ग होऊन चुकला होता. पेरांब्रा येथील तालुका रुग्णालयातील परिचारिका लिनी पुथुसेरी यांनी त्या पहिल्या रुग्णाची सुश्रूषा केली होती. दोन लहान मुलांची ही आई २१ मे रोजी गेली. केरळ सरकारच्या नोंदीत त्या साथीतील मृत्यू १७ आहेत.

या १७ जणांत परिचारिका एकच. बाकीचे बहुतेक कोण होते? रुग्णांचे नातेवाईक, शेजारच्या खाटेवरील रुग्ण, त्यांच्यासोबत आलेली माणसे, तपासणीसाठी बोळात ताटकळणारे लोक. पश्चिम बंगालमधील सिलिगुडीत २००१ साली निपाहचे ६६ रुग्ण आढळले होते, त्यांतही सुमारे तीन-चतुर्थांश लोक रुग्णालयातील कर्मचारी किंवा भेटीस आलेले होते. तो रोग निपाह होता, हे तर काही वर्षांनी, जपून ठेवलेल्या नमुन्यांवरून कळले.

माझा आग्रह असा, की कर्मचाऱ्यांची सिद्धता हा शब्द आपल्या देशात पाश्चात्त्य अर्थाने घेऊन चालणार नाही. तिकडे रुग्णाला भरवणे, पुसणे, कूस बदलणे हे परिचारिकेचे काम असते. आपल्याकडे ते लेकीचे, सुनेचे, पुतण्याचे असते. रात्री खाटेखाली चटई पसरून झोपणारा नातेवाईक हा रुग्णालयाचा बिनपगारी कर्मचारीच आहे. थुंकीचे भांडे तोच उचलतो, तोंड तोच पुसतो आणि त्याच हातांनी डबा उघडून जेवतो. त्याला कुणी प्रशिक्षण दिलेले नसते. जी गोष्ट त्याची, तीच सफाई करणाऱ्या मावशींची आणि वॉर्डबॉयची. रुग्णालयाच्या तयारीची चौकशी करताना मी व्हेंटिलेटर किती, हे नंतर विचारतो. मावशींना हातमोजे मिळतात का आणि ते कसे काढायचे हे त्यांना शिकवले आहे का, हे आधी विचारतो.

‘काढायचे’ हा शब्द मी जाणूनबुजून योजला. संरक्षक पोशाख चढवण्यापेक्षा उतरवणे अधिक धोक्याचे असते. बाहेरील बाजूस रोगजंतू लागलेले असतात, माणूस थकलेला असतो, घामाने निथळत असतो आणि नकळत हात नाकाडोळ्यांकडे जातो. २० ऑक्टोबर २०१४ रोजी अमेरिकेने इबोलासाठी सुधारित सूचना काढल्या. त्यांत त्वचेचा कोणताही भाग उघडा राहू नये याबरोबरच, पोशाख घालताना व काढताना एक प्रशिक्षित निरीक्षक समोर उभा राहून प्रत्येक पायरी पाहील, असे बंधन घातले. नुसते पोशाख खरेदी करून भागत नाही; तालीम लागते. घरी सुश्रूषा करणाऱ्यांनीही एवढे जरूर शिकून घ्यावे, की हातमोज्याची बाहेरची बाजू उघड्या बोटांनी धरायची नाही, मनगटाशी धरून तो उलटा करत काढायचा आणि लगेच साबणाने हात धुवायचे. मुखपट्टीही समोरून नव्हे, तर कानामागच्या दोऱ्यांना धरून काढावी.

आता रुग्णालयाच्या दारावरील छाननीविषयी. सुरक्षारक्षक कपाळासमोर तापमापक धरतो, आकडा न पाहताच ‘जा’ म्हणतो. या सोपस्काराला मी छाननी म्हणत नाही. उन्हातून किंवा पावसात भिजून आलेल्या माणसाच्या त्वचेचे तापमान शरीराच्या खऱ्या तापमानाहून निराळे असू शकते. त्यातून ज्येष्ठांची गोष्ट आणखी वेगळी. वय वाढले की शरीराचे नेहमीचे तापमान थोडे उतरते आणि गंभीर संसर्गातही ताप फारसा चढत नाही. तरुणाला १०२ ताप येईल तेथे आजोबांना जेमतेम ९९ भरतो. त्यातच सकाळी सांधेदुखीसाठी पॅरासिटामॉल घेतलेली असेल, तर तोही दिसत नाही. त्याऐवजी आजी एकाएकी असंबद्ध बोलू लागतात, जेवण टाकतात, तोल जाऊन पडतात, दिवसभर झोपून राहतात. ‘वयामुळे होते असे’ म्हणून याकडे पाहू नका. प्रकृती चांगली असताना आठवडाभर, रोज एकाच वेळी घरातील ज्येष्ठांचे तापमान मोजून लिहून ठेवा. त्याहून दोन अंश फॅरनहाइट वाढले, तर शंभराच्या आतला आकडाही ताप समजावा आणि डॉक्टरांना तो तुलनेसह सांगावा. तापाची गोळी दिली असेल तर केव्हा दिली, तेही सांगावे.

प्रवासाच्या प्रश्नालाही ‘परदेशी गेलो नाही’ एवढे उत्तर पुरत नाही. इबोलाची लक्षणे संसर्गानंतर दोन ते एकवीस दिवसांत दिसू शकतात, निपाहची बहुधा चार ते चौदा दिवसांत. म्हणजे गेल्या तीन आठवड्यांचा हिशेब द्यावा लागतो. आपण स्वतः गेला नसाल, पण परदेशातून आलेला नातू चार दिवस राहून गेला असेल. आपण एखाद्या आजारी आप्ताला पाहायला गेला असाल. कुणाच्या अंत्यविधीला उपस्थित असाल. हे सारे सांगण्याजोगे आहे. आणि एकदा सांगितले की काम संपले, असे कृपया समजू नका. खिडकीवर सांगितलेले डॉक्टरांनाही पुन्हा सांगा, पाळी बदलल्यावर नव्या परिचारिकेलाही सांगा. डॅलसची चूक टाळण्याचा एवढा स्वस्त उपाय दुसरा नाही. ‘तेच ते काय सांगता’ असे कुणी म्हणाले, तर म्हणू द्या.

पुष्कळ जण खरे सांगायला कचरतात, हे मी जाणतो. वेगळ्या खोलीत ठेवतील, शेजारीपाजारी बोभाटा होईल, ही भीती कोविडच्या दिवसांत आपण सर्वांनी अनुभवली. ती भीती खोटी नाही, आणि रुग्णाला गुन्हेगारासारखे वागवणाऱ्या रुग्णालयांना लोक खरे सांगणार नाहीत, हेही तितकेच खरे. विलगीकरणातल्या ज्येष्ठाला दिवसातून दोनदा घरच्यांचा आवाज फोनवर ऐकवणे, त्यांचा चष्मा, श्रवणयंत्र, कवळी त्यांच्यासोबत देणे, या गोष्टी रुग्णालयाच्या तयारीतच मोडतात. ऐकू न येणाऱ्या, माणसे न ओळखू येणाऱ्या वृद्धासमोर पोशाखात झाकलेली आकृती उभी राहिली, तर तो घाबरून गोंधळेल यात नवल काय? कर्मचाऱ्यांनी पोशाखावर आपले नाव ठळक अक्षरांत लिहिले, तरी पुष्कळ धीर येतो.

सिद्धतेचे फळ मिळते का? केरळातच पाहा. २०१९ च्या जूनमध्ये एर्नाकुलम येथे एका तरुणाला निपाह झाल्याचे निष्पन्न झाले. त्याला वेळीच वेगळे ठेवले गेले, संपर्कातील लोक शोधून काढले गेले. तो बरा झाला आणि त्याच्यापासून दुसऱ्या कुणालाही संसर्ग झाला नाही. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये कोझिकोडला विषाणू परतला, तेव्हा सहा रुग्ण आणि दोन मृत्यू एवढ्यावर तो रोखला गेला. विषाणू तोच होता.

आपल्या घराजवळच्या रुग्णालयात पुढच्या वेळी जाल, तेव्हा दोन गोष्टी पाहून या. खोकणाऱ्या आणि ताप असणाऱ्या रुग्णांना बसायला वेगळी जागा आहे का, आणि हात धुण्याच्या बेसिनपाशी साबण आहे का. नसेल, तर तेथील डॉक्टरांना किंवा मेट्रनना शांतपणे विचारा. आणि कुणाला केवळ भेटायला निघाला असाल, तर वयाची सत्तरी ओलांडलेल्यांनी त्याऐवजी फोन करावा. आठवड्यातून एकदा घरचा एकच निरोगी, धडधाकट माणूस जाऊन आला, तरी आजाऱ्याला कुणी वाऱ्यावर सोडले असे होत नाही.